मयुराच्या खिडकीतला कूलर

मयुरा चिडत नाही, अशी तिची सासरी ख्याती होती. अशी ख्याती बाईला फार महागात पडते. ही चिडत नाही असं एकदा घरादाराने ठरवलं, की चिडण्यासारखं जे जे असेल ते बिनदिक्कत तिच्या वाट्याला येतं. पाहुणे न सांगता तिच्याच हातचं जेवायला येतात, नवरा शनिवारी मळके कपडे घेऊन येतो आणि सोमवारी धुतलेले घेऊन जातो, आणि कुणीच काही विचारत नाही.

मानेवाडा रोडच्या आतल्या एका ले-आउटमध्ये तिच्या सासऱ्यांनी, गणपतरावांनी, स्वतः उभं राहून बांधलेलं घर आहे. पारशिवनीकडच्या शाळेत विज्ञान शिकवण्यात त्यांचा जन्म गेला. नागपूरचं ऊन आत येऊ नये म्हणून त्यांनी भिंती चौदा इंची घेतल्या, आणि ही गोष्ट ते नव्या माणसाला चहाच्या आधी सांगतात. या घरात बाजूची एक खोली आहे, तिची खिडकी व्हरांड्यात उघडते. सासू जिजाबाई, मयुराच्या आत्याबाई, अर्धांगवायूने पडल्या, त्या याच खोलीत. मयुराने त्यांचं सगळं केलं. वर्षामागून वर्षं गेली. मुलगी शिकायला पुण्याला गेली, नवरा दुर्गेश बदलीवर चंद्रपूरला गेला, आणि मयुरा त्या खोलीतच राहिली. मागच्या दिवाळीनंतर जिजाबाई गेल्या.

मयुरा लग्नाआधी नागपुरातल्या एका साप्ताहिकात मुद्रितं तपासायची. नोकरी सुटली, पण डोळा सुटला नाही. रस्त्यावरच्या फलकावर 'हार्दीक' दिसलं की तिच्या जिवाला घोर लागायचा. नरखेडकडच्या भावकीत कुणाचंही लग्न ठरलं, की पत्रिका छापायला जाण्याआधी तिच्याकडे यायची. "वहिनी, जरा नजर टाका," म्हणत. ती नजर टाकायची, आजोबांच्या नावातली वेलांटी सरळ करायची, आणि बदल्यात तिला लग्नाचं आग्रहाचं निमंत्रण मिळायचं.

या उन्हाळ्यात पुण्याच्या एका शालेय पुस्तकांच्या प्रकाशनाने घरबसल्या मुद्रितशोधनासाठी माणसं घ्यायची ठरवली. मयुराने कुणाला न विचारता अर्ज केला. तिचं नाव पहिल्या चाळणीतून पार पडलं आणि परीक्षेची तारीख आली. दुपारी दोन वाजता दुवा उघडणार. पाव तासात आत शिरायचं, नाही शिरलात तर गेलात, पुन्हा संधी नाही. बंद दाराची खोली हवी, परीक्षा लॅपटॉपवरच द्यायची, कॅमेरा चालू ठेवायचा, आणि फोन बंद करून तो बंद केलेला कॅमेऱ्याला दाखवायचा. म्हणजे फोनवरचं इंटरनेट लॅपटॉपला देण्याची पळवाटही बंद.

तिने हे जेवताना घरात सांगितलं. दुर्गेश फोनवर म्हणाला, "दे ना, देऊन पाह्य." गणपतरावांनी वरणात लिंबू पिळलं आणि भात कालवला. मयुराने समज करून घेतला की म्हाताऱ्याला हे रुचलेलं नाही.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी गणपतरावांनी कूलर दुरुस्त करणाऱ्या कवडूला बोलावलं. घरात कूलर एकच, आणि तो इतकी वर्षं हॉलच्या खिडकीबाहेर व्हरांड्यात उभा असायचा. तो यंदाही होळीनंतर तिथेच लागला होता. तो त्यांनी कवडूकडून उचलवला आणि मयुराच्या खोलीच्या खिडकीसमोर बसवला. मयुरा पाहत राहिली.

"हॉलच्या खिडकीची चौकट गंजली," गणपतराव म्हणाले. "दुरुस्त करा लागते. तोवर इथं राहू दे."

मयुराला वाटलं, झालं! नेमका उद्याच मुहूर्त सापडला यांना. त्या पत्र्याच्या धुडाचा आवाज म्हणजे गिरणीचा आवाज. पण ती चिडत नाही ना, म्हणून गप्प बसली.

सकाळी पोळ्या आटोपून तिने लॅपटॉप उघडला. हा लॅपटॉप दुर्गेशच्या कचेरीतून निवृत्त होऊन आलेला. त्याची बॅटरी पार मेलेली होती, चार्जर काढला की तो त्या क्षणी डोळे मिटायचा. पण वायरीला बांधून ठेवला की चालायचा. काल दुपारपर्यंत चालला होता. आज त्याने वायफायला जोडून घ्यायला साफ नकार दिला.

मयुराने पुन्हा जोडून पाहिलं. गोल गोल फिरलं आणि 'जोडता येत नाही' आलं. तिने पासवर्ड पुन्हा घातला. एकदा मोठ्या इंग्रजी अक्षरांत, एकदा लहान, एकदा एकेक अक्षर मोठ्याने म्हणत, जसं जिजाबाईंना औषध सांगायची तसं. जोडता येत नाही. तिने नेटवर्क विसरायला लावलं, तर लॅपटॉप ते इतकं मनापासून विसरला की यादीत घरचं नावच दिसेना. मागचं दार उघडं होतं, त्यातून मागच्या घरातल्या सौरवचं वायफाय मात्र ठणठणीत दिसत होतं. सौरव सहकुटुंब पचमढीला गेलेला, घराला कुलूप, आणि पासवर्ड विचारायला त्याचा फोनही लागेना. आपल्या घरचं इंटरनेट आपल्या घरात नाही आणि परक्याचं भरभरून, हे पाहून तिच्या कपाळाची शीर उडायला लागली.

तिने दुर्गेशला फोन केला. खोलीत कूलरच्या आवाजात काही ऐकू येईना, म्हणून बोलायला व्हरांड्यात गेली.

"रिस्टार्ट केलं का?" दुर्गेशने विचारलं.

"केलं."

"पुन्हा कर."

"अहो, करून करून त्याचं बटन झिजलं आता."

"मग तो व्हरांड्यातला डबा बंद करून चालू कर. पाह्य बरं, होऊन जाईल. मी मीटिंगमध्ये आहो." आणि फोन ठेवला. चंद्रपूरच्या थंड कचेरीत बसून उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं!

वायफायचा डबा व्हरांड्यातच, दाराच्या वरच्या अंगाला खिळ्याला टांगलेला होता. केबलवाल्याने लावला तिथेच तो राहिला, कारण त्या चौदा इंची भिंतीला भोक पाडायला गणपतरावांनी मनाई केली होती. मयुराने स्टुलावर चढून डबा बंद केला, चालू केला. हिरवे दिवे लागले. आत जाऊन पाहिलं. जोडता येत नाही.

मग तिने एक पाप केलं. लॅपटॉप स्वतः म्हणत होता की मला अद्ययावत करा, म्हणजे सगळं सुरळीत होईल. तिने हो म्हटलं. पडदा निळा झाला आणि त्यावर आलं, काम चालू आहे, बंद करू नका. ते काम बाराच्या पुढेपर्यंत चालू राहिलं. आकडा तीसवर जायचा आणि तिथेच ठाण मांडून बसायचा. मयुरा समोर बसून त्या आकड्याला शिव्या देत होती, मनातल्या मनात, पण अस्सल. संपलं एकदाचं. लॅपटॉप न्हाऊन-धुऊन उभा राहिला आणि म्हणाला, जोडता येत नाही.

आता तिला रडू यायला लागलं. पण रडायलाही वेळ लागतो, आणि वेळ कुठे होता? तिने इंटरनेट कंपनीच्या मदतकेंद्राला फोन लावला. आधी बरंच संगीत ऐकवलं, मग एक मुलगा आला. ती पुन्हा व्हरांड्यात जाऊन फोन स्पीकरवर टाकून उभी राहिली.

"मॅडम, राउटर पे हरी बत्ती जल रही है?"

"जल रही है."

"मोबाइल में वायफाय चल रहा है?"

तिने तिथेच उभ्या उभ्या पाहिलं. फोनवर वायफाय धो धो चालत होतं. "चल रहा है."

"तो मॅडम, हमारा नेट ठीक है. आपके लॅपटॉप का प्रॉब्लेम है. लॅपटॉप राउटर के पास ला के देखिए."

"उसकी बॅटरी नहीं है. चार्जर निकाला तो बंद पडता है."

"ओके मॅडम. कल से आज तक घर में कुछ चेंज हुआ है? कोई नया सामान, कुछ?"

मयुरा कूलरला टेकून उभी होती. त्याच्या गवताच्या ताट्यांमधून उडणारे थेंब तिच्या कोपरावर पडत होते.

"नहीं," ती म्हणाली. "कुछ भी नहीं."

यात तिची चूक नाही. तुम्ही नागपुरात राहत असाल तर तुम्हीही हेच म्हणाला असता. कूलर म्हणजे काही सामान नव्हे. एप्रिलमध्ये ऊन येतं, घामोळं येतं, तसा कूलर येतो. कुणी विचारलं की घरात काय बदललं, तर माणूस काही सांगतो का की ऊन आलं?

आत गणपतराव हॉलमध्ये पंख्याखाली बनियनवर बसले होते. सकाळपासून सुनेच्या येरझारा पाहत होते. ते उठून तिच्या दाराशी आले.

"काय होऊन राहिलं वं?"

"लागत नाही नेट, मामाजी."

"गरम झालं असन ते मशीन. थांब, कूलर फुल करतो. पाणी बी टाकतो अजून."

आणि ते खरंच बाहेर गेले, नळी लावून कूलरची टाकी काठोकाठ भरली आणि बटन शेवटपर्यंत फिरवलं. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास! कूलरने अशी डरकाळी फोडली की टेबलावरचे कागद उडाले. परीक्षेचा क्रमांक लिहिलेला कागद पलंगाखाली गेला. तो काढायला वाकताना मयुराचं डोकं पलंगाच्या कडेवर आपटलं. आणि तिथे, त्या पलंगाखाली, ती बाई आयुष्यात पहिल्यांदा सासऱ्यावर ओरडली.

"बंद करा तो कूलर! बंद करा म्हणते ना!"

कूलर बंद झाला. एकदम इतकी शांतता झाली की तिचा स्वतःचा श्वास तिला ऐकू आला. ती उठून खिडकीशी गेली. मधे कूलर होता, त्यामुळे गणपतराव तिला दिसत नव्हते, आणि कदाचित म्हणूनच तिला बोलता आलं.

"इतके उन्हाळे मी या खोलीत काढले, मामाजी. आत्याबाईंच्या उशाशी. दुपारी भिंती तापायच्या, त्यांचं अंग पुसता पुसता माझी साडी भिजून जायची. तुम्ही सगळे हॉलमध्ये कूलरसमोर झोपायचे. तेव्हा कुणाले नाही आठवलं की मयुरा आत आहे. आन् आज, माझ्या एका कामाच्या दिवशी, आणून ठेवलं हे भूत माझ्या खिडकीत! काहून?"

चपलांचा आवाज दूर गेला. मयुरा खुर्चीत बसली. आपण हे काय बोललो, असं तिला वाटत होतं. आणि बरं झालं बोललो, असंही वाटत होतं. घड्याळ दीडच्या पुढे सरकलं होतं. पुण्याची नोकरी आता गेली, हे तिने जवळजवळ मान्य केलं होतं.

थोड्या वेळाने गणपतराव दारात आले. त्यांच्या हातात जुन्या धोतरात गुंडाळलेला एक्स्टेंशन बोर्ड होता. हा बोर्ड ते सणालाही कुणाला देत नसत.

"वायर लंबी आहे," ते तिच्याकडे न पाहता म्हणाले. "तो पोरगा म्हणे ना, डब्याजवळ ने. मी ऐकलं. चाल."

दोघांनी लॅपटॉप बाहेर नेला. बोर्ड हॉलच्या सॉकेटला लावला, लॅपटॉप व्हरांड्यातल्या स्टुलावर ठेवला. तो उठला, इकडेतिकडे पाहिलं आणि बिनबोभाट जोडला गेला. सगळ्या रेघा भरून. मयुराला क्षणभर त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. पण व्हरांड्यात बंद दार कुठून आणायचं? समोर रस्ता, रस्त्यावर भंगारवाला ओरडतोय. तिने लॅपटॉप उचलला, वायर सांभाळत दारातून हॉलमध्ये आली. रेघा कमी झाल्या. खोलीत शिरली. गेलं. परत बाहेर आली. आलं. ती कूलरच्या अलीकडे उभी राहिली तर सगळं होतं, आणि पलीकडे, हातभर अंतरावर, काही नव्हतं.

ती कूलरकडे पाहत राहिली. माणसाएवढा पत्रा, खाली टाकीत काठोकाठ पाणी, आणि तो तिच्या खोलीच्या एकुलत्या एका खिडकीला असा चिकटून बसलेला की हवेलाही त्याच्यातूनच जावं लागावं. कल से कुछ चेंज हुआ है, मॅडम?

"मामाजी," ती म्हणाली, "हा कूलर."

"काय कूलर?"

"हाच अडवून राहिला. नेट डब्यापासून खिडकीतून यायचं. आता खिडकीत हा आहे."

"काय बोलतं वं! कूलर काय इंटरनेट खाते का?" गणपतराव ताडकन म्हणाले. कूलरबद्दल वाईट बोललेलं त्यांना खपत नसे. मग ते थांबले. त्यांनी पत्र्यावर बोटाने टकटक केलं, टाकीत पाहिलं, मग आपल्या लाडक्या भिंतीकडे पाहिलं. त्यांचा चेहरा हळूहळू पडला. "टिन," ते म्हणाले. "आन् मधात पाणी. बाजूले चौदा इंची भिंत." जन्मभर पोरांना ध्वनी-प्रकाशाच्या लहरी शिकवलेला माणूस होता तो. "जातीन कुठून बिचाऱ्या."

खाली वाकून त्यांनी टाकीचं बूच उपटलं. पाणी भसकन व्हरांडाभर झालं, त्यांचा पायजमा गुडघ्यापर्यंत भिजला. लोखंडी स्टँडला चाकं नव्हती. मयुराने एका बाजूने धरलं, दुसऱ्या बाजूने पंचाहत्तरीकडे झुकलेल्या त्या माणसाने खांदा लावला. फरशीवर असा कर्कश आवाज झाला की भंगारवालाही थांबून पाहायला लागला.

"मामाजी, तुम्ही सोडा, कंबर जाईल!"

"तू लाव जोर! बोलत नको बसू!"

कूलर कण्हत कण्हत सरकला. खिडकी मोकळी झाली. मयुराने ओल्या हातांनीच लॅपटॉप उचलला, खोलीत पळाली, चार्जर लावला. रेघा भरल्या. दोन वाजून गेले होते, पण पाव तास संपला नव्हता. तिने दार लावलं, फोन बंद केला, तो कॅमेऱ्याला दाखवला, आणि आत शिरली.

मोकळ्या खिडकीतून आता सगळं नागपूर आत येत होतं. भट्टीचं तोंड उघडावं तशी झळ तोंडावर येत होती. कपाळावरून घाम ओघळून डोळ्यांत जात होता, आणि पडद्यावर पाचवीच्या पुस्तकातला एक धडा होता, चुकांनी बुजबुजलेला. तिने पदराने तोंड पुसलं आणि पहिली चूक पकडली. मग दुसरी. मग तिला घामाचं भान राहिलं नाही. 'परिस्थीती'ला तिने असं धरलं जसं सकाळपासून कुणाला तरी धरायचं राहिलं होतं.

कितीतरी वेळाने तिच्या लक्षात आलं की झळ थांबली आहे. मानेला गार लागत होतं. वाळ्याचा वास येत होता, ओला, लहानपणच्या माहेरच्या दुपारींसारखा. खिडकीकडे पाहायची सोय नव्हती, कॅमेरा नजर ठेवून होता. फक्त मधून मधून पाण्याचा सपकारा ऐकू यायचा आणि खोली अजून थोडी निवायची. बाहेर भाजीवाल्याची हाक आली, ती अर्ध्यावरच तुटली. कुणीतरी त्याला दटावलं होतं.

शेवटचं पान झालं. तिने पाठवा म्हटलं. 'तुमची उत्तरे मिळाली', असं आलं. 'उत्तरे' बरोबर लिहिलेलं होतं, हे तिने आधी पाहिलं.

ती दार उघडून बाहेर गेली. व्हरांड्यात तिच्या खिडकीवर वाळ्याची ताटी टांगलेली होती, माळ्यावरची, कूलर घरात यायच्या आधीची, पत्रा नसलेली. तिच्यासमोर स्टुलावर गणपतराव बसले होते. डोक्यावर ओला दुपट्टा, पायाशी बादली, हातात लोटा. उन्हाने त्यांचा चेहरा तांबडालाल झाला होता. तेवढा वेळ ते तिथे बसून ताटीवर पाणी मारत होते.

त्यांच्यामागे हॉलची खिडकी उघडी होती. तिची चौकट मागच्या दिवाळीत रंगवलेली, चकचकीत. गंजाचा ठिपका नव्हता. मयुराने चौकटीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. गणपतरावांनी लोटा उगाच बादलीत बुडवला.

"झाला पेपर?"

"झाला."

"जमला का?"

"जमला, मामाजी."

ते लोट्याकडे पाहतच म्हणाले, "डॉक्टर म्हणे, जिजाले ओल चालत नाही. म्हणून त्या खोलीत कूलर नाही लावला. जिजापुरतंच पाह्यलं मी. तू बी तिथंच होती, हे ध्यानातच नाही आलं कधी. आता परीक्षा होती तुही, म्हटलं..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. "आन् नेमकं त्यानंच अडवलं."

मयुराने त्यांच्या हातातला लोटा काढून घेतला आणि बाजूला ठेवला.

"आत चला. पन्हं करते. ऊन लागलं तुम्हाले."

"येतो. कवडूले बोलावतो आधी. कूलर नेऊन टाकतो परत हॉलमध्ये. तुही नोकरी लागली तर नेट लागन ना रोज."

"नाही," मयुरा म्हणाली. तिचा आवाज चढला, आणि या वेळी तिने तो आवरला नाही. "कूलर माझ्या खिडकीतच लागन. इतक्या वर्षांनी आला आहे, तो कुठं जात नाही. हलवायचा तर तो डबा हलवा. माझ्या टेबलावर आणा."

"त्याले भिंतीत भोक पाडा लागन."

"मग पाडा."

गणपतरावांनी भिंतीकडे पाहिलं. मग गुडघ्यांवर हात टेकून ते उठले आणि भोक कुठून पाडायचं ते बोटांनी मोजायला लागले.